दार लावून विचारायचे प्रश्न

"आत आमाले येता येईल ना?" अंकुश टेकाळेनं विचारलं.

"नाही," पिंगळे वकील म्हणाले. "जजसाहेब तुमच्या वहिनीला एकटीलाच आत घेतात. दार लावून. सरकारी वकील बाहेर, मी बाहेर, तुम्हीपण बाहेर."

"अन् काय इचारतात?"

"हेच, की अर्ज स्वतःच्या मनानं दिला का, कुणी भरीला घातलं का, आणि घडलं ते कसं घडलं."

अंकुशनं मांडीवरची टोपी उचलली, दोनदा झटकली आणि डोक्यावर बसवली. अर्धा तास हा माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. आता मानही थांबली.

"नको साहेब. कबुली-बिबुली आमच्या घरात नको. तुमी लढा."

पिंगळेसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांना लढायचंच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खैरे, शेंडेसाहेबांना निरोप द्या, आमचा पक्षकार तयार नाही."

ही गोष्ट दोन हजार दहा सालची. पक्षकार म्हणजे सिंधूबाई टेकाळे. अंकुश तिचा धाकटा दीर. ती तेव्हा आमच्या ऑफिसच्या पायरीवर बसून पिशवीतल्या शेंगा सोलत होती. खिडकीतून मला तिचा पदर दिसत होता.

मी तेव्हा पिंगळेसाहेबांकडे बावीस वर्षं कारकून होतो. आमचं नांदरखेडचं कोर्ट लहान, पण माणसं पाहायला पुष्कळ. त्यात मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो: ज्याच्यावर केस असते तो वेगळा आणि बोलतो तो वेगळा. पोरावर केस असली की बाप बोलतो. बायकोवर असली की नवरा. विधवेवर असली की दीर, नाहीतर भाऊ. जो बोलतो तो खुर्चीत बसतो. ज्याच्यावर केस आहे तो दारात उभा राहतो आणि विचारलं की "हो जी" म्हणतो. वकिलालाही हेच सोपं पडतं. एकदा समजावलं की काम झालं. ज्याच्यावर केस असते तो तीनदा तेच विचारतो आणि चौथ्यांदा रडतो. खुर्चीतला रडत नाही. माझ्या तारखांच्या वहीत प्रत्येक नावापुढे मोबाईल नंबर असे, तोही बोलणाऱ्याचा. सिंधूबाईच्या नावापुढे अंकुशचा होता.

केस साधी होती. वडगावात सिंधूबाईची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर तीच चालवायची. मोटरीवरून जात्यावर जाणाऱ्या पट्ट्याला लोखंडी जाळी असते, ती त्या दिवशी नव्हती. किसन वाकोडे नावाचे सत्तरीचे गृहस्थ दळण घ्यायला आले, डबा उचलायला वाकले, गळ्यातलं उपरणं पट्ट्यात गेलं. मोटर बंद करायला सिंधूबाईला जेवढा वेळ लागला, तेवढा पुरला. निष्काळजीपणानं मरण घडवल्याचा गुन्हा. जास्तीत जास्त दोन वर्षं.

त्या वेळी कायद्यात नवीन सोय आली होती, चार-एक वर्षं झाली असतील. आरोपीनं स्वतः अर्ज करायचा, गुन्हा मान्य करायचा, गेलेल्याच्या घरच्यांशी बसून ठरवायचं, आणि कोर्ट शिक्षेत बरीच सूट देतं किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडून देतं. आमच्याकडे ते कुणी वापरत नव्हतं. पण किसनरावांचा मुलगा प्रल्हाद भला माणूस होता. तोच सरकारी वकील शेंडेसाहेबांना म्हणाला होता, "त्या बाईले आत टाकून माहा बाप उठून बसणार हाय काय? पोरगी हाय तिची. मिटवून टाका." शेंड्यांनी ते आमच्याकडे पोचवलं, आणि आम्ही अंकुशकडे.

निरोप देऊन मी परत आलो तेव्हा सिंधूबाईनं मला शेंगांची ओंजळ पुढे केली.

"काय म्हणले वकीलसाहेब, खैरेभाऊ?"

"काही नाही. पुढची तारीख. लढायचं म्हणतात."

"भाऊजी काय म्हणले?"

"तेच म्हणाले."

"मंग बरं," ती म्हणाली. मी शेंगा घेतल्या. भाजलेल्या होत्या, चांगल्या होत्या. मी उभ्याउभ्या खाल्ल्या.

पुढे आठ महिने केस चालली. पिंगळेसाहेबांचा सगळा भर एका मुद्द्यावर होता: म्हाताऱ्याला मागे उभं राहायला सांगितलं होतं, तो स्वतःच पुढे आला. सरकारचा पाहणारा साक्षीदार एकच, त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. साहेबांनी उलटतपासणीत त्याला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं आणि त्याला सांगता आलं नाही. कोर्टात हशा पिकला. साहेब दोन दिवस त्या घड्याळावर खूष होते. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निकालात लिहिलं की घड्याळ दिसलं नाही म्हणून पट्ट्यावर जाळी होती असं होत नाही. एक वर्ष सक्तमजुरी. अपिलासाठी जामीन मिळाला.

निकाल ऐकल्यावर सिंधूबाईनं अंकुशकडे पाहिलं, अंकुशनं साहेबांकडे आणि साहेबांनी वर पंख्याकडे.

अपील जिल्ह्याला गेलं आणि टेकाळ्यांनी वकील बदलला. खरं तर सिंधूबाईच्या पोरीनं बदलला. ती जिल्ह्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, तिच्या होस्टेलजवळ रेश्मा तडवी नावाच्या वकीलबाई राहायच्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, स्कूटीवर फायली, बोलणं चटचट. आमच्या बाररूममध्ये त्यांच्यावर बरीच मस्करी झाली. पण ह्या बाईंनी एक केलं, जे आमच्यापैकी कुणी केलं नसतं. त्या प्रल्हाद वाकोड्याला जाऊन भेटल्या. त्यानं सांगितलं, "आम्ही तर मिटवायला तयार होतो. त्याइच्याच वकिलानं नाही म्हणलं."

तडवीबाईंनी अपिलात नवीन मुद्दा घातला: समेटाची संधी आली होती, आरोपीला ती कळवलीच नाही, आरोपीला वकिलाची खरी मदत मिळालीच नाही. सोबत सिंधूबाईचं प्रतिज्ञापत्र.

पिंगळेसाहेबांनी ती नोटीस वाचली आणि चष्मा टेबलावर ठेवला. चाळीस वर्षांची वकिली. जिल्ह्यात कुणी त्यांच्यावर असं लिहिलं नव्हतं.

"खैरे, त्या दिवशी तुम्ही होतात ना खोलीत?"

"होतो साहेब."

"मी समजावून सांगितलं होतं की नाही? अगदी आत काय विचारतात तेसुद्धा?"

"सांगितलं होतंत."

"मग झालं. आपण दोघांनी तेवढंच लिहून द्यायचं."

त्यांनी मजकूर सांगितला, मी टाईप केला. 'सदर प्रस्ताव आरोपी व तिचे नातेवाईक यांना सविस्तर समजावून देण्यात आला होता व त्यांनी तो नाकारला.' 'आरोपी व' हे दोन शब्द टाईप करताना माझी बोटं थांबली नाहीत. मला वाटलं होतं थांबतील. बावीस वर्षांत मी अशा हजार कागदांवर साक्षीदार म्हणून सही केली होती, काही न वाचता. हा निदान मीच टाईप केला होता. दुपारी बारापर्यंत नोटरीचा शिक्का बसला.

त्याच दिवशी अडीच वाजता सिंधूबाई कोर्टाच्या आवारात आली. एकटीच. मी झेरॉक्सच्या टपरीमागे बाकावर डबा खात होतो.

"बसू काय, खैरेभाऊ?"

"बसा ना. अंकुशराव कुठं आहेत?"

"त्याइले नाही सांगितलं मी इकडे येते म्हणून." ती बाकाच्या टोकाला बसली. "तडवी मॅडम म्हणते, तुमी त्या दिवशी आतमंदी होते. मले एकच इचाराचं हाय. तो अर्ज केला असता तर जजसाहेबानं मले आत घेऊन काय इचारलं असतं?"

"आता ते विचारून काय उपयोग, बाई?"

"उपयोग राहू द्या. सांगा तर खरं."

आता मी ह्या कामात मुरलेला माणूस. असे प्रश्न मी रोज टोलवत असे. पण ती अशी बघत होती, जणू तिच्या परीक्षेचा पेपर तिला कुणी दाखवलाच नव्हता. मी डब्याला झाकण लावलं.

"पहिलं, नाव विचारलं असतं."

"सिंधू रामदास टेकाळे," ती लगेच म्हणाली. पदर नीट केला. ती उत्तर देत होती, हे मला तेव्हा उमगलं. मग मीही जरा ताठ बसलो.

"हा अर्ज तुम्ही स्वतःच्या मर्जीनं दिला का?"

"हो जी."

"कुणी दबाव आणला का? कुणी भीती घातली?"

"नाही."

"गुन्हा मान्य केल्यावर काय होतं, हे तुम्हाला कळतं का?"

"कळते. सोडलं नाही तर आत जाईन. गिरणी माही, मोटर म्या सुरू केली. म्हातारा माह्यासमोर गेला. म्या तर पहिल्याच दिवशी म्हणत होती की मान्य करते. भाऊजी म्हणले, तोंड उघडू नको, वकीलसाहेब पाहून घेतील."

तिथंच थांबायला हवं होतं. पण पिंगळेसाहेबांनी अंकुशला सांगितलेला शेवटचा प्रश्न राहिला होता, आणि मी तो विचारला.

"घडलं ते कसं घडलं?"

टपरीतलं मशीन कागद ओढत होतं.

"जाळी त्याच्या आठ दिवस अगोदर भाऊजीनं काढली. बिजागरी तुटली, वेल्डिंगले नेतो म्हणले. गोठ्यात नेऊन टाकली. मी रोज म्हणे, भाऊजी, जाळी. ते म्हणे, उद्या. मी म्हणलं, मंग गिरणी बंद ठेवते. ते म्हणले, लोकाइचं दळण काय आपल्या घरी ठेवायचं? चालू ठेव, ध्यान दे फक्त. म्या ठेवली. चूक माहीच हाय. बंद ठेवाले पाहिजे होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढं मी दार लावून सांगितलं असतं. भाऊजीसमोर नाही सांगता येत. त्याइच्याच घरात राहतो आम्ही."

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा अंकुशची ती टोपी आली. 'कसं घडलं' तेही आत विचारतात, हे ऐकल्यावर दोनदा झटकलेली. त्या दिवशी मी मनात नोंद केली होती: टेकाळे, स्वाभिमानी घर, कबुली देणार नाहीत. माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी बाररूममध्ये सांगत असे.

"खैरेभाऊ, तुमाले तर माहीत होतं ना, मले कोणी सांगितलं नाही म्हणून? तुमीच तर बाहेर आले होते. मी तुमाले इचारलंबी."

"हो."

"मंग तेवढं लिहून द्यान? मॅडम म्हणते, तुमी लिहून दिलं तर फरक पडते."

"बाई," मी म्हणालो, "मी सकाळीच लिहून दिलं. साहेबांच्या बाजूनं. की तुम्हाला सांगितलं होतं."

ती रागावली नाही. तिनं फक्त विचार केला, म्हणजे कपाळावर आठी आली आणि गेली.

"आजच?"

"आजच. बारा वाजता."

"म्हणजे ह्याबी टायमाले मले न इचारताच," ती म्हणाली आणि उठली. बाकावर पडलेला माझ्या भाकरीचा तुकडा उचलून तिनं भिंतीवर कावळ्यांसाठी ठेवला आणि स्टँडकडे चालू लागली.

चार दिवस मी काढले. पाचव्या दिवशी रजा टाकून जिल्ह्याला गेलो आणि तडवीबाईंच्या ऑफिसात दुसरं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात खरं ते लिहिलं: प्रस्ताव अंकुश टेकाळे यांना सांगितला, सिंधूबाईंना सांगितला नाही, ती बाहेर होती, तिनं मला विचारलं आणि मी तिला 'काही नाही' म्हणालो. जाळीचं लिहायचं का, असं तडवीबाईंनी विचारलं. सिंधूबाई नको म्हणाली. ह्या वेळी तिला विचारलं होतं.

सही झाल्यावर तडवीबाई म्हणाल्या, "खैरेकाका, एक अडचण आहे. माणूस एकच आणि शपथा दोन. कोर्ट पहिलं विचारणार, खरं कोणतं? ते तुम्ही सांगाल. पण दुसरं विचारणार, पहिल्यावर सही का केली? त्याचं उत्तर तयार ठेवा. साहेबांनी करायला लावली म्हणालात तर आपण वाचलो."

"लावली नाही हो. त्यांनी मजकूर सांगितला, मी केली."

"नोकर माणूस मालकाच्या सांगण्यावरून सही करतो, ह्याला दबावच म्हणतात, काका."

मी म्हणालो, बघतो.

पिंगळेसाहेबांना प्रत मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी मला ओरडायला हवं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "खैरे, थोडे दिवस घरी आराम करा. मी कळवीन." बावीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच आराम करायला सांगितलं होतं. दोन महिने मी आराम केला. बायको म्हणाली, दुसऱ्या वकिलाकडे बघा. पण सबंध नांदरखेडात, स्वतःच्या वकिलाविरुद्ध लिहून देणारा कारकून कोण ठेवणार? चहाच्या टपरीवर मला पाहून लोक बोलणं हळू करू लागले. मी घरी बसून जुन्या वह्या चाळायचो आणि बोलणाऱ्यांच्या नंबरांवरून बोट फिरवायचो.

सुनावणीला सेशन जजनी मला पिंजऱ्यात बोलावलं. पिंगळेसाहेब पहिल्या रांगेत होते, कोट नवा होता. सिंधूबाई मागे, पोरीशेजारी. अंकुश दाराजवळ.

"दोन्हींवर सही तुमचीच?" जजसाहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"खरं कोणतं?"

"दुसरं."

"मग पहिल्यावर सही का केलीत?"

मी पिंगळेसाहेबांच्या नव्या कोटाकडे पाहिलं. तडवीबाईंनी पुढे होऊन विचारलं, "पहिलं प्रतिज्ञापत्र देताना तुमच्यावर मालकाचा काही दबाव होता का?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. 'हो' म्हणायचं होतं, एक अक्षर. पिंगळेसाहेब माझ्याकडे पाहत नव्हते, कोटाची बाही नीट करत होते. त्यांनी मला कधी दरडावलं नव्हतं, हे खरंच होतं. त्या सकाळी त्यांनी साधं विचारलं होतं आणि मी साधं 'हो' म्हटलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "दबाव कुणाचाच नव्हता."

तडवीबाईंनी फाईल बंद केली. जजसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं.

महिन्याभरात निकाल आला. दोनदा उलटसुलट शपथ घेणाऱ्या साक्षीदारावर विसंबता येत नाही, त्यामुळे समेटाचा मुद्दा सिद्ध होत नाही. शिक्षा मात्र एक वर्षावरून सहा महिने केली, बाई आहे म्हणून. प्रल्हाद वाकोडेही हजर होता. निकाल ऐकून तो मोठ्यानं म्हणाला, "हे काय झालं बा?" शिपायानं त्याला गप्प केलं.

महिला पोलीस सिंधूबाईला बाहेर नेत होत्या तेव्हा मी व्हरांड्यात उभा होतो. दारात थांबून त्या कागद भरत होत्या. आजार आहे का, घरी कोण असतं, वगैरे. अंकुश पुढे होऊन उत्तरं देत होता. ती माझ्याजवळून जाताना थांबली.

"तुमी खरं तेच सांगितलं ना, खैरेभाऊ?"

"हो."

"मंग बरं," ती म्हणाली.

मी जिना उतरत होतो तेव्हा मागून खांद्यावर हात पडला. पिंगळेसाहेब. तीन महिन्यांनी पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून बोलत होते.

"उद्या साडेदहाला या, खैरे. तीन तारखा आहेत. तुमच्याशिवाय फायली सापडत नाहीत."

मी सव्वादहालाच गेलो.